गॅस संपत नसतो

मराठीने ‘गॅस’ या शब्दाला फार राबवून घेतलं आहे. तो ओट्यावर पेटतो, जेवणानंतर पोटात धरतो आणि निकालाच्या आदल्या रात्री अख्खं घर त्याच्यावर असतं. या तिन्ही गॅसांचा स्वभाव एकच, ते कधी ना कधी संपतात. सिलिंडर बरोबर पाहुणे आल्यावर संपतो, पोटातला ओव्याने जातो आणि तिसरा निकाल लागला की आपोआप उतरतो. त्यामुळे मार्चअखेरीस एक पाय खिडकीत आणि एक पाय छज्ज्यावर ठेवून एसीचा मेकॅनिक जेव्हा ‘गॅस संपलाय’ असं जाहीर करतो, तेव्हा भाषेनेच आपली फसायची पूर्वतयारी करून ठेवलेली असते. कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट मिळाल्याशिवाय भाजीवाल्यासमोरून न हलणारं, दुधाचे खाडे कॅलेंडरवर लाल पेनाने मांडणारं घर या दोन शब्दांपुढे निमूट मान तुकवतं. किती संपला, कुठून संपला, गेल्या वर्षी भरलेला कुठे गेला, यातलं काहीही विचारलं जात नाही. पैसे मोजले जातात, वर मेकॅनिकला चहा मिळतो, आणि पुढल्या मार्चमध्ये हाच प्रसंग त्याच संवादांसह पुन्हा वठवला जातो.

वस्तुस्थिती अशी की एसीतला गॅस संपत नसतो, कारण तो इंधन नाही. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवावं. रिकामी गाडगी खाली जातात, पाणी घेऊन वर येतात, ओततात आणि परत खाली जातात. दिवसभर रहाट चालला म्हणून संध्याकाळी कोणी कुंभाराकडे नवी गाडगी आणायला जात नाही. एसीत विहीर म्हणजे आपली खोली, पाणी म्हणजे खोलीतली उष्णता, गाडगी म्हणजे गॅस आणि रहाट ओढणारा बैल म्हणजे कॉम्प्रेसर. बैलाच्या वैरणीचं बिल दर महिन्याला येतं, गाडग्यांचं येण्याचं कारण नाही. तांब्याच्या बंद नळीत तेवढाच गॅस आत वाफ होतो, बाहेर द्रव होतो, पुन्हा आत येतो, आणि नळी शाबूत असेल तर पंधरा वर्षं हेच करत राहतो. पुरावा लांब शोधायला नको. त्याच घरात, त्याच तत्त्वावर चालणारा फ्रिज पंधरा वर्षं गुरगुरत उभा असतो आणि त्यात कधी गॅस भरलेला कुणाला आठवत नाही. फरक एवढाच की फ्रिजच्या नळ्या कारखान्यात कायमच्या सांधलेल्या असतात, आणि स्प्लिट एसी हा दोन अर्ध्या भागांत घरी येतो. त्यांची सोयरीक आपल्या भिंतीवर, शिडीवर उभं राहून, पान्याने आवळून लावली जाते. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत किंवा नाल्याकाठच्या सोसायटीत तांबंही कुरतडलं जातं. म्हणजे गॅस संपलेला नसतो, पळालेला असतो. पळालेल्याला परत आणून बसवताना दार मोडकंच ठेवलं, तर तो पुन्हा पळणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

हे सगळं सांगायचं कारण असं की एसीच्या गॅसवर सरकारने बंधनं आणली, गॅस बदलायला लावले, त्यामुळे सामान्य माणसाला भुर्दंड बसला, अशी तक्रार उन्हाळ्यात पन्ह्याइतकी सहज पुढे येते. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. जिथे जिथे नियम पोचला, तिथे ग्राहकाला त्याचा पत्ताही लागला नाही. खिसा कापला गेला तो नियम जिथे पोचलाच नाही तिथे, म्हणजे छज्ज्यावर.

एरवी नियमांची कमतरता मुळीच नाही. घरातल्या माणसांपेक्षा घरातल्या एसीची सरकारदरबारी जास्त ओळख आहे. त्याच्या पोटातला गॅस पर्यावरण मंत्रालयाच्या ओझोन कक्षाच्या ताब्यात, त्याची भूक ऊर्जा मंत्रालयाच्या बीईईच्या (ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या) ताब्यात, शरीरयष्टी भारतीय मानक ब्यूरोच्या, जकात अर्थखात्याच्या आणि परदेशातून येणं वाणिज्य मंत्रालयाच्या. त्यातही १५ ऑक्टोबर २०२० पासून गॅस भरलेला एसी आयात करायला बंदी आहे. म्हणजे परदेशी एसीने देशात यायचंच असेल तर उपाशीपोटी यावं, जेवण इथेच मिळेल. मेल्यानंतरही सुटका नाही, कारण २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत त्याच्या अंत्यविधीची जबाबदारी उत्पादकावर आहे. जन्म, पोषण, आचार आणि अंत्येष्टी असे सगळे संस्कार झालेली घरातली ही एकमेव वस्तू असावी. फक्त मधल्या आयुष्यातलं तिचं आजारपण आणि वैद्य, यांच्याकडे पाहायला कुणाला सवड झालेली नाही.

गॅसच्या या कहाणीत सुरुवातीलाच एक विद्वान आहे आणि त्याने चांगल्या हेतूने फार मोठा गोंधळ घातला आहे. १९२० च्या दशकात फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले वायू असत. गळती झाली की कळायची, पण कळून सांगायला माणूस उरेलच याची खात्री नसायची. बर्लिनमधलं एक कुटुंब असल्या गळतीने मेल्याची बातमी वाचून आइनस्टाइनने सिलार्ड या सहकाऱ्याबरोबर न गळणारा फ्रिज शोधायला घेतला असं सांगतात. त्याचं अमेरिकी पेटंट १९३० सालचं आहे. सापेक्षतेचा सिद्धांत मांडणाऱ्याला फ्रिजची काळजी लागावी, यावरून तेव्हाच्या फ्रिजची कल्पना यावी. त्यांचा फ्रिज बाजारात आला नाही, कारण त्याच सुमाराला अमेरिकेत टॉमस मिजली या संशोधकाने आर-१२ हा गॅस काढला. वास नाही, विष नाही, पेट घेत नाही. १९३० मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. टाळ्या पडल्या. याच गृहस्थाने त्याआधी पेट्रोलमध्ये शिसं घालायची युक्ती शोधली होती. वातावरणाला एवढा उपद्रव दुसऱ्या कुणा एका माणसाच्या हातून झालेला नसावा, आणि दोन्ही वेळा त्याला पारितोषिकंच मिळाली. पुढे पोलिओने अंथरुणाला खिळल्यावर स्वतःला उचलून बसवण्यासाठी त्याने दोऱ्या-कप्प्यांचं यंत्र बनवलं आणि १९४४ मध्ये त्याच दोऱ्यांत गुदमरून तो गेला. विनोदी लेखकाने असा शेवट कल्पनेने लिहिला असता तर संपादकाने अतिरेक म्हणून कापला असता.

आर-१२ चा दोष त्याच्या गुणातच होता. तो कशाशीच भांडत नाही, म्हणून कुठेच नष्ट होत नाही. गळला की वर वर जात राहतो, आणि ओझोनच्या थरापर्यंत पोचला की तिथल्या उन्हात त्याच्यातला क्लोरीन सुटा होऊन आयुष्यभराची सोशिकता एका झटक्यात सोडून देतो. मोलिना आणि रोलंड यांनी हे १९७४ मध्ये सांगितलं, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर भोक सापडलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला माँट्रियल करार झाला. भारत लगेच सही करायला गेला नाही. आपलं म्हणणं साधं आणि रास्त होतं. भोक तुम्ही पाडलंत, आमच्या गावात अजून फ्रिजच पोचलेला नाही, तर शिंप्याची मजुरी आम्ही का द्यायची? १९९० मध्ये लंडनच्या बैठकीत तेव्हाच्या पर्यावरण मंत्री मनेका गांधींनी हा मुद्दा लावून धरला. पैसे आणि तंत्रज्ञान मिळण्यासाठी बहुपक्षीय निधी उभा राहिला, तेव्हा १९९२ मध्ये आपण आत शिरलो. नंतर मात्र दिलेल्या मुदतीआधी काम उरकण्याचा, सरकारी कामाला न शोभणारा प्रकार घडला. जगाने विकसनशील देशांना सीएफसी बंद करायला २०१० पर्यंत वेळ दिला होता. दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडून आपण ऑगस्ट २००८ मध्येच थांबलो. त्या दिवशी कुठल्या घरातला फ्रिज बंद पडला, असं विचारलं तर कुणालाच आठवणार नाही. नियमाचं यश असं बिनबोभाट असतं, म्हणून त्याची कथा होत नाही.

पुढची पायरी आर-२२, म्हणजे खिडकीतल्या जुन्या धडधडणाऱ्या एसीचा गॅस. ओझोनला त्याचा त्रास कमी, पण आहेच. तो वापरून नवे एसी बनवणं भारतात १ जानेवारी २०२५ पासून बंद झालं. जुन्यांच्या दुरुस्तीसाठी मात्र तो अजून मिळतो. मग आला आर-४१० ए, ज्याने ओझोनला हातही लावला नाही, पण पृथ्वी तापवण्यात हात धुऊन घेतला. कार्बन डायऑक्साइडचा एक किलो हे माप धरलं तर याचा एक किलो दोन हजार अठ्ठ्याऐंशी किलोंना भारी. म्हणून मग आर-३२, जो सहाशे पंच्याहत्तरावर भागवतो, आणि आर-२९०, ज्याचा आकडा एका हाताच्या बोटांवर मोजता येतो. तापवणाऱ्या गॅसांची कपात ठरली ती ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला. त्यात आपण घेतलेलं वेळापत्रक पाहिलं तर घाई केली असा आरोप कुणी करू शकणार नाही. २०२८ मध्ये वाढ थांबवायची, २०३२ मध्ये दहा टक्के कमी, आणि पंच्याऐंशी टक्के कपात थेट २०४७ मध्ये. स्वातंत्र्याच्या शताब्दीला आपण इंग्रजांपाठोपाठ गॅसलाही निरोप देणार आहोत.

किगालीच्याच दिवसांत भारताने एक निर्णय जाहीर केला, आणि तो समजून घेतला तर नियमांचं अर्थशास्त्र म्हणजे काय चीज आहे ते कळतं. आर-२२ बनवताना एचएफसी-२३ नावाचा टाकाऊ गॅस सोबत निघतो. त्याचा तापवण्याचा आकडा तेव्हाच्या हिशेबाने अकरा हजार सातशे. क्योटो कराराखाली अशी योजना होती की विकसनशील देशातल्या कारखान्याने एक टन असा गॅस जाळला, तर त्याला अकरा हजार सातशे टन कार्बन वाचवल्याची पुण्याई मिळेल, आणि ती युरोपातल्या पापी कंपन्यांना विकता येईल. जाळण्याचा खर्च किरकोळ, पुण्याईचा भाव चढा. आवळा देऊन कोहळा काढणं आपल्याला माहीत होतं; इथे आवळ्याची साल जाळून कोहळ्यांचा मळा मिळत होता. भारतातल्या आणि चीनमधल्या कारखान्यांना मालापेक्षा कचरा जास्त कमवून देऊ लागला. कचरा ज्याला परवडतो तो माल कमी करील कशाला? घाण साफ करायचे पैसे मिळतात म्हणून घाण चालू ठेवायची, ही युक्ती नगरपालिकांच्या कंत्राटदारांना नवी नाही, पण तिला संयुक्त राष्ट्रांचा शिक्का मिळालेला पहिल्यांदाच दिसला. अखेर युरोपने मे २०१३ पासून ही पुण्याई घेणं बंद केलं, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये भारत सरकारने कारखान्यांना सांगितलं की हा गॅस स्वखर्चाने जाळा. बक्षिसाने जे नीट झालं नाही ते एका ओळीच्या हुकमाने झालं. नियम नको, बाजार आपोआप सगळं सुरळीत करील, असं म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग उशाशी ठेवून झोपावं.

आता ग्राहकाचा हिशेब. आर-२२ पासून आर-३२ पर्यंत तीन गॅस झाले, पण दुकानात जाऊन ‘आर-३२ मुळे एसी महागला’ असं म्हणणारं गिऱ्हाईक विरळं, कारण एसीत गॅस जेमतेम किलोभर असतो आणि एकूण किमतीत त्याचा वाटा फोडणीतल्या हिंगाएवढा. याउलट २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हातातली किंमत एका दिवसात जवळपास आठ टक्क्यांनी उतरण्याची सोय झाली. गॅसच्या करारांनी किमतीवर जे काही केलं असेल ते एवढ्याशा उताऱ्यात वाहून गेलं असणार. स्टारचं दुखणं मात्र खरं आहे. बीईई दर काही वर्षांनी पायरी उंचावते आणि पाच स्टारचा म्हणून वाजतगाजत आणलेला एसी घरबसल्या चारवर, मग तीनवर येतो. त्याने काही केलेलं नसतं. वर्गात नवी हुशार मुलं आलेली असतात, एवढंच. पण बिल पाच स्टारच्या वेळी जेवढं येत होतं तेवढंच येतं, त्यामुळे हे दुखणं मानापमानाचं आहे, पैशाचं नाही.

इथे कट शोधणारे लोक हात वर करतात. त्यांचं म्हणणं, पेटंट संपलं की कंपन्या जुना गॅस वाईट ठरवून बंद करवतात आणि नवा गळ्यात मारतात. संशय अगदीच निराधार आहे असं नाही. नवा गॅस विकण्यात कंपन्यांना गोडी असते आणि जुन्याच्या बंदीवर त्या अश्रू ढाळत नाहीत. पण कालगणना जुळत नाही. आर-१२ चं मूळ पेटंट १९३१ सालचं आणि तेव्हा अमेरिकेत पेटंट सतरा वर्षं चाले. म्हणजे कट करायचा तर १९४८ मध्ये करायला हवा होता; चाळीस वर्षं वाट पाहणारा कारस्थानी हा कारस्थानी नसून सरकारी कर्मचारी असावा. शिवाय आर-२९० म्हणजे साधा प्रोपेन. जमिनीतून निघणाऱ्या प्रोपेनवर कुणी मालकी सांगू शकत नाही. भारतात हा गॅस घरगुती एसीत आणला गोदरेजने, २०१२ मध्ये, आणि तोही सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून. जागतिक कटाचं मुख्यालय शिरवळच्या एमआयडीसीत असेल अशी कल्पना करायला छाती लागते.

प्रोपेन म्हटल्यावर दुसरा आक्षेप येतो, तो जास्त गंभीर आहे. हा गॅस पेटतो! आर-३२ सुद्धा थोडा पेटतो! बेडरूममध्ये डोक्यावर स्फोटक टांगून झोपायचं का? आक्षेप घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात त्याच क्षणी प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं चौदा किलो दोनशे ग्रॅम मिश्रण लाल नळकांड्यात भरलेलं उभं असतं, त्याला रबरी नळी जोडलेली असते, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाशी रोज तीन वेळा काडी ओढली जाते. दीड टनाच्या आर-२९० एसीत साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास गॅस असतो, म्हणजे सिलिंडरच्या चाळिसाव्या हिश्श्याइतका. सिलिंडरला घाबरायचं नाही आणि एसीला घाबरायचं, यात भीतीपेक्षा नवखेपणाचा भाग मोठा. तरीही आक्षेपात तथ्याचा एक कण आहे आणि तो उडवून लावू नये. बंद नळीतला प्रोपेन निरुपद्रवी, पण त्याच नळीशी ज्याला कुठला गॅस आत आहे हे माहीत नाही असा माणूस पेटती टॉर्च घेऊन बसला, तर निरुपद्रवीपणा संपला. धोका गॅसपेक्षा छज्ज्यावर आहे. आपण पुन्हा तिथेच येऊन पोचलो.

छज्ज्याकडे वळण्याआधी तापमानाचा तंटा उरकून टाकू. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री मनोहर लाल यांनी एसी वीस ते अठ्ठावीस अंशांतच चालावेत असा विचार बोलून दाखवला आणि देशभर हाहाकार उडाला. जणू सोळा अंश हा मूलभूत हक्क होता आणि घटनाकारांकडून तो नजरचुकीने राहून गेला. खरं पाहता जानेवारी २०२० पासून एसी चालू होतानाच चोवीसवर सुरू व्हावा असा नियम आहे, पण रिमोटवर अंगठा आठ वेळा दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढंच त्या नियमाचं आयुष्य. लोकांचा समज असा की सोळा केलं म्हणजे लवकर गार होतं. तसं होत नाही. सोळा हा वेग नसून स्टेशन आहे. गाडी त्याच वेगाने धावते, फक्त उतरायचं ठिकाण कर्जतऐवजी खंडाळा होतं. दर अंशामागे सहा टक्के वीज जाते असं बीईई सांगते. मग पहाटे तीनला खंडाळा आला की कपाटातून आजीच्या हातची गोधडी निघते. वीज जाळून थंडी आणायची आणि गोधडीने ती अडवायची, या दोन्ही कामांत मराठी माणूस सारखाच तरबेज आहे. सरकारने शयनगृहात लक्ष घालू नये हे तत्त्व मला मान्य आहे. पण सर्वांनी एकाच वेळी सोळा केलं की रात्री साडेदहाला ट्रान्सफॉर्मर उडतो आणि शेजारच्या पंख्यावाल्यांचीही झोप जाते. त्या वेळी शयनगृह खासगी राहत नाही.

तर छज्जा. आउटडोअर युनिटच्या कुशीवर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे छापलेलं असतं. दागिन्याला सोनार जसा काटा वापरतो तसा काटा वापरून तेवढाच गॅस भरायचा असतो. त्याआधी गळती शोधायची, नायट्रोजनचा दाब देऊन, साबणाचा फेस लावून. सांधा दुरुस्त करायचा. मग पंपाने नळी पूर्ण निर्वात करायची, कारण आत राहिलेली हवा आणि दमट वाफ कॉम्प्रेसरचं आयुष्य खाते. या सगळ्याला दोन-तीन तास लागतात. प्रत्यक्षात अनेकदा वीस मिनिटांत काम होतं. काटा नसतो, पंप गाडीवर राहिलेला असतो, थोडा गॅसच सोडून हवा हाकलली जाते आणि मीटरची सुई व हाताला लागलेला गारवा यांच्या साक्षीने भरणं पूर्ण होतं. यात मेकॅनिकला खलनायक करणं सोपं आहे आणि अन्यायाचं आहे. एप्रिलमध्ये दिवसाला दहा फोन, पाचव्या मजल्यावर दोरीशिवाय उभं राहायचं, आणि खाली गिऱ्हाईक विचारतंय, ‘अहो, समोरचा तर निम्म्यात भरून देतो!’ तीन तासांच्या कामाचे पैसे द्यायला कोणी तयार नाही, मग तीन तासांचं काम मिळणार कुठून? घासाघीस करून आपण जे कमी करून घेतो ते पैसे नसतात, साबणाचा फेस असतो.

त्याची किंमत एक साधा हिशेब करून पाहता येते. चांगल्या स्टारचा दीड टनी एसी, बीईई धरते तसे वर्षाला सोळाशे तास चालला तर सातशे-आठशे युनिट वीज खातो. आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशाची, त्यामुळे एका युनिटमागे ढोबळमानाने पाऊण किलोच्या आत-बाहेर कार्बन डायऑक्साइड धरावा लागतो. म्हणजे वर्षाला साधारण साडेपाचशे किलो. आता त्याच एसीतला आर-३२ समजा आठशे ग्रॅम. तो सगळा गळून गेला तर त्याला सहाशे पंच्याहत्तरने गुणायचं. उत्तर पाचशे चाळीस किलो. दर उन्हाळ्याला एकदा गॅस ‘संपला’ तर पृथ्वीच्या दृष्टीने त्या घरात एक नव्हे, दोन एसी चालतात, आणि दुसरा खोली गार करण्याऐवजी आभाळ तापवत असतो. स्कूटरवरून जुन्या रस्त्याने मुंबई-पुणे पस्तीस वेळा जाऊन-येऊन जेवढा धूर होईल तेवढा हा एक गळका सांधा करतो, आणि तोही वडापाव न खाता. किगालीत मंत्र्यांनी रात्रभर जागून तापवणाऱ्या गॅसांची कपात ठरवली ती या हिशेबासाठी, आणि ते सगळं छज्ज्यावरच्या एका ढिल्या नटातून निसटतं.

अमेरिकेत तसं नसतं, असं म्हणणारे येतील, आणि ते बरोबर आहेत. तिथे हे गॅस जाणूनबुजून हवेत सोडणं नव्वदच्या दशकापासून बेकायदा आहे आणि प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञालाच या गॅसच्या साठ्याला हात लावता येतो. पण तिथला ग्राहक म्हणूनच सुखात आहे असंही नाही. आर-२२ चं उत्पादन आणि आयात तिथे २०२० पासून बंद. जुना एसी गळला की भरण्यापेक्षा नवा घेणं बरं असा सल्ला मिळतो. २०२५ पासून आर-४१० ए चे नवे घरगुती एसी बनवणंही बंद झालं आणि त्याच उन्हाळ्यात नव्या गॅसच्या सिलिंडरांची टंचाई झाली. न्यू जर्सीतल्या मराठी घरांत त्या जुलैत माँट्रियलचा उद्धार झाला असेल तर तो समजण्यासारखा आहे. म्हणून नियमाने ग्राहकाला कधीच झळ बसत नाही असा माझा दावा नाही. भारतात बसली नाही, कारण आपल्याला वेळ मिळाला, निधी मिळाला, आणि नियम कारखान्याच्या फाटकाशीच थांबला. फाटकापुढचं काम कागदावर आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं उद्दिष्ट होतं, वर्गही भरले, प्रमाणपत्रंही वाटली गेली. पण प्रमाणपत्र नाही म्हणून दुकानात कुणाचा गॅसचा डबा अडला, असं घडत नाही.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की छज्ज्यावरही परवाना आणला तर मेकॅनिकचे दर वाढतील आणि भुर्दंड ग्राहकालाच. दर वाढतील हे खरं आहे. तीन वर्षांत तीनदा भरणं आणि एकदाच सांधा नीट करून घेणं यांची बेरीज मात्र ज्याची त्याने करावी. दुधाचे खाडे मांडणाऱ्या घराला ती जड जाऊ नये. आणि परवाना यायची वाट पाहायचीही गरज नाही. ‘गॅस संपलाय’ ऐकल्यावर चहा टाकण्याआधी एकच प्रश्न विचारावा, ‘गळतीची जागा दाखवता का?’ मग काटा आणलाय का, पट्टीवर किती ग्रॅम लिहिलंय, हेही ओघाने विचारता येईल. ती पट्टी गेली सहा वर्षं तिथेच आहे, पावसाने थोडी फिकटली आहे, आणि आजवर ती जवळून पाहिलेली आहे फक्त कबुतरांनी.